लग्न केलं तर राजीनामा: राजदूत मुथम्मांची गोष्ट

 

गटाच्या बैठकीत आम्ही सहयोगिनी एक गोष्ट सारखी सांगत असतो. वाचल्याशिवाय सही करू नका, समजल्याशिवाय अंगठा देऊ नका. आज आम्ही ज्या बाईंची गोष्ट सांगणार आहोत, त्यांनी कागद नीट वाचला होता. त्याचा अर्थही त्यांना पक्का कळला होता. इंग्रजी साहित्यात एम. ए. झालेल्या, सोन्याची पदकं मिळवलेल्या बाई त्या. तरी त्यांना त्या कागदावर सही करावी लागली, कारण सही केली नसती तर नोकरी मिळाली नसती. कागद होता हमीपत्राचा. मी लग्न केलं तर नोकरीचा राजीनामा देईन, अशी ती हमी होती. आणि ती लिहून घेत होतं स्वतंत्र भारताचं सरकार.

या बाईंचं नाव चोनिरा बेलिअप्पा मुथम्मा. भारताच्या परराष्ट्र सेवेत परीक्षा देऊन आलेल्या त्या पहिल्या स्त्री अधिकारी. पुढे त्या तीन देशांत भारताच्या राजदूत झाल्या. निवृत्तीनंतर त्यांनी पुस्तकंही लिहिली. आणि ज्या नियमाने त्यांना बांधलं होतं, तो नियम त्यांनी देशाच्या सर्वोच्च न्यायालयासमोर उभा केला.

आधी राजदूत म्हणजे काय, ते पाहू. हे काम आपल्याला अगदी परकं नाही. पेशवाईत दुसऱ्याच्या दरबारी आपला वकील असायचा. दिल्लीला हिंगणे घराण्यातले वकील होते. दरबारात काय चाललंय, कोण कोणाच्या बाजूला झुकलंय, हे सगळं ते पत्रांतून पुण्याला कळवायचे. अशा वकिलाच्या कचेरीला वकिलात म्हणायचे, आणि परदेशातल्या आपल्या सरकारच्या कचेरीला आजही मराठीत वकिलातच म्हणतात. तिथला मुख्य माणूस म्हणजे राजदूत. आपल्या देशाचं म्हणणं तिथल्या सरकारपुढे मांडायचं, व्यापाराच्या वाटा शोधायच्या, तिथली खबर दिल्लीला लिहून पाठवायची, आणि आपला कोणी माणूस तिथे अडकला तर त्याला मदत करायची. आखातात कामाला गेलेल्या कोणाचा पासपोर्ट मालकाने दाबून ठेवला, तर तो माणूस ज्या दारात जातो, ते दार आपल्या वकिलातीचं असतं.

आता मुथम्मांकडे येऊ. त्यांचा जन्म 24 जानेवारी 1924 रोजी कोडगूत, विराजपेट इथे झाला. कोडगू म्हणजे इंग्रज ज्याला कूर्ग म्हणत तो डोंगराळ भाग. आज तो कर्नाटकात आहे. कॉफीचे मळे, दाट जंगल, भाताची खाचरं, आणि कावेरी नदीचा उगम तिथलाच. वडील वनखात्यात अधिकारी होते. मुथम्मा नऊ वर्षांच्या असताना वडील वारले. आईच्या पदरात चार मुलं. त्या काळी विधवा बाईला लोक काय सल्ले देत असतील, ते तुम्हाला आम्ही सांगायला नको. पण त्या माउलीने ठरवलं की चारही मुलं शिकतील. मुथम्मा मडिकेरीला शाळा शिकल्या, मग मद्रासला कॉलेजात गेल्या आणि तिथल्याच प्रेसिडेन्सी कॉलेजातून एम. ए. झाल्या. पुढचं सगळं ज्या पायावर उभं राहिलं, तो पाया त्या आईने घातला होता. इतिहासाच्या पुस्तकात अशा आईचं नाव सहसा सापडत नाही, म्हणून आम्ही ते मुद्दाम सांगतो आहोत.

इंग्रजांच्या राज्यात आयसीएस नावाची मोठी सरकारी नोकरी होती. ती बायकांना बंद होती. स्वातंत्र्य आलं आणि दार उघडलं. मुथम्मांनी 1948 साली केंद्रीय लोकसेवा आयोगाची परीक्षा दिली आणि त्या पास झाल्या. त्यांना परराष्ट्र सेवा हवी होती. इथे पहिला धोंडा आडवा आला. मुथम्मांनी पुढे न्यायालयात जो अर्ज केला, त्यात हे सगळं लिहिलं आहे. आयोगाच्या अध्यक्षांनी त्यांना, परराष्ट्र सेवेत जाऊ नका, असं समजावलं. मुथम्मा हटल्या नाहीत. तेव्हा तोंडी परीक्षेत त्यांना कमीत कमी गुण दिले गेले, असं त्यांनी त्या अर्जात म्हटलं आहे. लेखी परीक्षेतले गुणच इतके होते की तरीही त्या निवडल्या गेल्या. 1949 साली त्या परराष्ट्र सेवेत दाखल झाल्या.

आता गंमत पाहा. परदेशात देशाचं काम बघणं बाईला जमत नाही, असं जेव्हा मुथम्मांना सुचवलं जात होतं, तेव्हा मॉस्कोत भारताची राजदूत एक बाईच होती. त्या म्हणजे विजयालक्ष्मी पंडित. 1947 साली त्यांना तिथे पाठवलं होतं. तिथून त्या अमेरिकेत राजदूत झाल्या. 1953 साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या त्या अध्यक्ष झाल्या, आणि हा मान मिळवणाऱ्या त्या जगातल्या पहिल्या स्त्री. पुढे 1962 साली त्या आपल्या महाराष्ट्राच्या राज्यपालही झाल्या. म्हणजे बाईला हे काम जमतं का, या प्रश्नाचं उत्तर सरकारच्या डोळ्यांसमोर होतं. फरक इतकाच, की विजयालक्ष्मीबाईंना पंतप्रधानांनी नेमलं होतं. त्या पंडित नेहरूंच्या बहीण होत्या आणि स्वातंत्र्याच्या लढ्यात तुरुंगात गेलेल्या नेत्या होत्या. मुथम्मा मात्र कोणाची बहीण म्हणून आल्या नव्हत्या. परीक्षेची पायरी चढून हक्काने आल्या होत्या. एखाद्या बाईला मान द्यायला लोक तयार असतात, पण सगळ्या बायकांना हक्क द्यायचा म्हटलं की हात आखडतो. आपल्या गावातही हेच दिसतं की नाही?

दाखल होताना ते हमीपत्र आलं. लग्न केलं तर राजीनामा. सोबतच्या पुरुष अधिकाऱ्यांकडून असं काही लिहून घेतलं जात नव्हतं. ते लग्न करत होते, बायकामुलांना घेऊन परदेशी जात होते. उलट साहेबाची बायको पाहुण्यांची सरबराई करते, मेजवान्या सांभाळते, म्हणून तिची कामाला मदतच होते, असं समजलं जायचं. पुरुषाचं लग्न कामाला मदत आणि बाईचं लग्न कामाला अडथळा, असा तो हिशेब होता.

या हिशेबाने काय झालं, ते आणखी दोन बायकांच्या आयुष्यातून कळेल.

पहिल्या रमा मेहता. परराष्ट्र सेवेत सुरुवातीला ज्या मोजक्या बायका आल्या, त्यातल्या या एक. त्यांनी त्याच सेवेतले अधिकारी जगत मेहता यांच्याशी लग्न केलं. दोघांची नोकरी एक, पण लग्न झालं म्हणून नोकरी सोडावी लागली ती रमाबाईंना. जगत मेहता चढत चढत परराष्ट्र सचिव झाले, म्हणजे त्या खात्यातल्या सर्वांत मोठ्या खुर्चीत बसले. रमाबाईंनी लेखणी हातात घेतली. उदयपूरच्या एका हवेलीत सून म्हणून आलेल्या शिकलेल्या मुलीची कादंबरी त्यांनी इंग्रजीत लिहिली. तिला 1979 साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, पण तो घ्यायला रमाबाई हयात नव्हत्या. साहित्याला एक चांगली लेखिका मिळाली, हे खरं. पण ती नोकरी करत असती तर देशाला काय मिळालं असतं, हा प्रश्न राहतोच.

दुसऱ्या अॅना राजम. त्या 1951 सालच्या, आयएएस या सेवेत आलेल्या पहिल्या स्त्री. आयएएस म्हणजे आपले जिल्हाधिकारी ज्या सेवेतून येतात ती. त्यांना मुलाखतीत काय सांगितलं असेल? जिल्ह्याचा कारभार बाईला झेपणार नाही, त्यापेक्षा परराष्ट्र सेवा घ्या, ती बायकांना शोभते! म्हणजे दोन-तीन वर्षांपूर्वी मुथम्मांना जी नोकरी बाईला योग्य नाही म्हणून सांगितली, तीच आता अॅनाबाईंना बाईला शोभणारी म्हणून सांगितली. बाई जे मागते ते तिच्यासाठी योग्य नसतं, आणि ती जे मागत नाही ते योग्य असतं. अॅनाबाईंनी ऐकलं नाही. त्यांच्याही नेमणुकीच्या कागदावर लग्न झाल्यास नोकरी संपेल असं लिहिलं होतं, पण त्यांच्या सेवेतला तो नियम पुढे लवकर बदलला. या अॅना राजम मल्होत्रा म्हणजे आपल्या रायगड जिल्ह्यातल्या न्हावा-शेवा बंदराच्या उभारणीचं काम ज्यांनी पाहिलं त्या. ज्या बाईला जिल्हा झेपणार नाही म्हणत होते, तिने समुद्रावर बंदर उभं केलं.

मुथम्मांनी लग्न केलं नाही. ते त्यांच्या मनाने की नियमामुळे, याचा तर्क आम्ही करणार नाही. तो त्यांचा खाजगी प्रश्न. पण एक नक्की सांगतो. ज्या निवडीला किंमत म्हणून नोकरी द्यावी लागते, ती निवड मोकळी राहत नाही.

त्यांची पहिली नेमणूक पॅरिसला झाली. मग रंगून झालं, लंडन झालं. दिल्लीत असताना त्यांनी पाकिस्तान आणि अमेरिका या विभागांचं काम पाहिलं. 1970 साली त्या हंगेरी या देशात भारताच्या राजदूत झाल्या. परीक्षा देऊन, पायरी पायरीने वर चढून राजदूत झालेली ही पहिली भारतीय स्त्री. त्या तेव्हा 46 वर्षांच्या होत्या. पुढे आफ्रिकेतल्या घाना देशात आणि मग युरोपात नेदरलँड्समध्ये त्या राजदूत होत्या. पंचवीस-तीस वर्षांची नोकरी, तीन देशांत राजदूत. आता कोण म्हणणार होतं बाईला जमत नाही?

म्हणणारे होते. सेवेतली सर्वांत वरची श्रेणी द्यायची वेळ आली, तेव्हा मुथम्मांना ती नाकारली गेली. गुणवत्तेत बसत नाही, असं कारण दिलं. त्यांच्यापेक्षा मागून आलेले काही अधिकारी पुढे गेले. नोकरीत याला ज्येष्ठता म्हणतात. तुम्ही टँकरची वाट बघत हंड्यांची रांग लावता ना, तसंच ते. पहाटेपासून लावलेला आपला हंडा कोणीतरी उचलून मागे ठेवला, आणि मागचे चार हंडे पुढे आले, तर आपण काय करतो? काही जणी गप्प बसतात. काही जणी भांडतात. मुथम्मांनी 1979 साली सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. बाजूला त्यांचं स्वतःचं सरकार, समोर त्या एकट्या. नोकरीची तीनच वर्षं उरलेली असताना.

त्यांनी अर्जात फक्त आपल्या बढतीचं लिहिलं असतं, तर ते एका अधिकाऱ्याचं गाऱ्हाणं झालं असतं. त्यांनी सगळंच मांडलं. आयोगाच्या अध्यक्षांनी काय सांगितलं ते, हमीपत्र कसं लिहून घेतलं ते, आणि बाई म्हणून वेळोवेळी कसं डावललं गेलं ते. आणि दोन नियमांवर बोट ठेवलं. हे नियम ऐका, कारण सरकारी कागद कसा बोलतो ते त्यातून कळतं.

पहिला नियम असा, की सेवेतल्या स्त्रीने लग्न करण्याआधी सरकारची लेखी परवानगी घ्यायची. आणि लग्नानंतर केव्हाही सरकारला वाटलं की घरसंसारामुळे हिचं काम नीट होणार नाही, तर तिला राजीनामा द्यायला सांगता येईल. दुसरा नियम असा, की लग्न झालेल्या स्त्रीला या सेवेत नेमणूक हक्क म्हणून मागता येणार नाही.

हे नियम इंग्रजांचे असतील, असं तुम्हाला वाटेल. नाहीत. ते 1961 सालचे आहेत. आपली राज्यघटना 26 जानेवारी 1950 ला लागू झाली. बाबासाहेबांनी आणि घटना समितीने त्यात स्वच्छ लिहिलं आहे की स्त्री म्हणून राज्य कोणाशी भेदभाव करणार नाही, आणि सरकारी नोकरीत सगळ्यांना सारखी संधी राहील. त्यानंतर 11 वर्षांनी कोणीतरी दिल्लीत बसून हा नियम लिहिला, कोणीतरी तो तपासला, कोणीतरी सही केली, आणि तो छापलाही गेला. घटनेत वर एक लिहिलेलं असतं आणि खालच्या नियमात दुसरंच शिरतं. वरचं पान सगळ्यांना माहीत असतं, खालचं पान कोणी वाचत नाही. आणि नोकरी देताना, नोकरी काढताना, साहेब बघतो ते खालचंच पान.

खटला चालू असताना दोन गोष्टी घडल्या. मुथम्मांना ती वरची श्रेणी देण्यात आली. काही महिन्यांपूर्वी जी बाई गुणवत्तेत बसत नव्हती, ती आता बसली. या काही महिन्यांत त्यांची गुणवत्ता वाढली, की सरकारवरचा दाब वाढला, हे तुम्हीच ठरवा. आणि सरकारने न्यायालयाला सांगितलं की त्या दोनपैकी एक नियम आम्ही काढला आहे आणि दुसराही काढत आहोत.

17 सप्टेंबर 1979 ला निकाल लागला. न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर आणि न्यायमूर्ती पी. एन. सिंघल यांच्यापुढे हा खटला होता. निकाल कृष्ण अय्यर यांनी लिहिला. त्यांनी एक साधा प्रश्न विचारला. घरसंसारामुळे बाईच्या कामात अडचण येत असेल, तर ती पुरुषाच्या कामात येत नाही का? लग्न तर दोघांचं होतं, मुलंही दोघांची असतात. मग परवानगी एकानेच का मागायची? सगळ्या कामांत स्त्री-पुरुष अगदी सारखेच धरावेत असं त्यांनी म्हटलं नाही. जिथे खरोखरच फरक करणं भाग आहे, तिथे तो करावा लागेल असं ते म्हणाले. पण तसा फरक दाखवता आला पाहिजे. दाखवता येत नसेल तर समानता हाच नियम. आणि स्त्रियांना बरोबरीने घेऊन लढलेल्या देशात असे नियम टिकून राहावेत, याबद्दल त्यांनी सरकारला चांगलंच सुनावलं.

मुथम्मांना बढती मिळून गेली होती, म्हणून अर्ज न्यायालयाने निकाली काढला. पण अर्ज फेटाळला तरी प्रश्न फेटाळलेला नाही, असं स्पष्ट बजावलं. मधल्या काही महिन्यांत रांगेत त्या मागे पडल्या होत्या, त्या ज्येष्ठतेचा सरकारने पुन्हा विचार करावा असंही सांगितलं. आणि परराष्ट्र सेवेचे सगळेच नियम तपासून त्यातला असा डाग काढून टाकावा, असं सुचवलं.

इथे आम्हाला तुम्हाला आणखी एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती आपल्या मुंबईची आहे. मुथम्मांच्या निकालाच्या 14 वर्षं आधीची. मुंबईत एक औषधांची कंपनी होती. तिथे बाटल्या भरून त्यांवर चिठ्ठ्या चिकटवण्याच्या, खोकी बांधण्याच्या खात्यात अविवाहित मुली कामाला होत्या. कंपनीची अट अशी, की मुलीचं लग्न झालं की तिची नोकरी आपोआप संपली. कामगार संघटनेने ही अट धरली आणि भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेलं. कंपनीचं म्हणणं होतं की लग्न झालेल्या बायका खाडे फार करतात. 1965 साली न्यायालयाने उत्तर दिलं. मुलाबाळांमुळे खाडे होतात म्हणाल, तर लेकुरवाळ्या विधवेलाही तीच अडचण असते, तिला तुम्ही काढत नाही, मग लग्न झालेलीलाच का? ती अट रद्द झाली.

म्हणजे बघा. देशाच्या राजदूताच्या डोक्यावर जी अट 1979 पर्यंत टांगलेली होती, ती बाटल्यांना चिठ्ठ्या लावणाऱ्या मुंबईच्या पोरींनी 1965 मध्येच उडवून लावली होती. त्या पोरींकडे मोठं शिक्षण नव्हतं, ओळखी नव्हत्या. पण त्यांच्यामागे संघटना होती. मुथम्मांकडे शिक्षण होतं, पद होतं, पण सेवेत त्यांच्यासारख्या बायका इतक्या थोड्या की संघटना कुठून आणणार? गटात बसणाऱ्या आम्हा बायकांना या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघाव्याशा वाटतात. एकटीला 30 वर्षं लागली.

निकाल लागला म्हणून सगळीकडे सगळं सुरळीत झालं असं नाही. 1981 साली एअर इंडियाच्या हवाई सुंदरींचा खटला झाला. पहिलं गरोदरपण आलं की नोकरी गेली, अशी त्यांची अट होती. ती न्यायालयाने रद्द केली. पण नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न करायचं नाही, ही अट मात्र तेव्हा राहू दिली. एक गाठ सुटते, दुसरी तशीच राहते. ती पुढच्या कोणीतरी सोडवायची असते.

मुथम्मा 1982 साली निवृत्त झाल्या. स्वीडनचे नेते ओलॉफ पाल्मे यांच्या पुढाकाराने जगातली शस्त्रं कमी करण्याचा विचार करणारा एक आयोग नेमला होता, त्यावर भारताच्या सदस्य म्हणून त्यांनी काम केलं. आणि त्या लिहीत राहिल्या. त्यांचं 'स्लेन बाय द सिस्टिम' हे पुस्तक 2003 साली आलं. नावाचा अर्थ, व्यवस्थेने घेतलेला बळी. आतून पाहिलेल्या सरकारी कारभारावर त्यात परखड लिहिलं आहे. पण आम्हाला त्यांचं दुसरं पुस्तकही तेवढंच मोलाचं वाटतं. ते आहे कोडगूच्या स्वयंपाकाचं, एका मैत्रिणीच्या जोडीने लिहिलेलं. तांदळाची भाकरी, तांदळाच्या कण्यांचे वाफवलेले गोळे, कोवळ्या बांबूच्या कोंबांची भाजी, असलं त्यांच्या गावाकडचं खाणं. कोकणातल्या आणि पूर्व विदर्भातल्या सख्यांना यातलं बरंच ओळखीचं वाटेल. तीन देशांच्या राजधान्यांत मेजवान्यांना बसलेल्या बाईला आपल्या आईच्या चुलीवरचं कागदावर उतरवावंसं वाटलं. चूल की नोकरी, असा प्रश्न नियम लिहिणाऱ्यांना पडला होता. मुथम्मांना तो पडलेला दिसत नाही. त्यांनी कारभारावरही लिहिलं आणि भाकरीवरही लिहिलं.

14 ऑक्टोबर 2009 ला, वयाच्या 85 व्या वर्षी, बंगळुरूत त्यांचं निधन झालं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये निरुपमा राव परराष्ट्र सचिव झाल्या होत्या. त्या संसारी, दोन मुलांची आई, कवितांचं पुस्तक लिहिलेल्या. आणि त्यांची एम. ए. ची पदवी कुठली, माहीत आहे? आपल्या मराठवाडा विद्यापीठाची, छत्रपती संभाजीनगरची, जे तेव्हा औरंगाबाद होतं. त्यांच्याआधी 2001 साली चोकिला अय्यर त्या खुर्चीत बसल्या होत्या. रमा मेहतांना जिथून लग्नापायी बाहेर पडावं लागलं, त्याच खात्याच्या सर्वांत वरच्या खुर्चीत आता लग्न झालेली बाई बसली, आणि तिच्या लग्नाबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

आता आपल्याकडे वळू. तुम्ही म्हणाल, आमच्या पोरी काय राजदूत होणार आहेत? का नाही होणार, हा पहिला प्रश्न. मुथम्माही डोंगरातल्या एका गावातल्या, बाप नसलेल्या घरातल्याच होत्या. पण तेवढ्यासाठी आम्ही ही गोष्ट सांगितली नाही. आपल्या गटातल्या मुली पोलीस भरतीला जातात, नर्सिंगला जातात, कंपनीत, पतपेढीत, दुकानात कामाला लागतात. त्यांना मुलाखतीत अजून विचारतात, लग्न ठरलंय का, मूल कधी, मग काम सोडणार का. आमच्या गटातल्या एका मुलीला हे विचारलं, तिच्या सोबत बसलेल्या मुलाला नाही विचारलं. ते हमीपत्र आता छापलेलं नसतं, पण प्रश्न तोच असतो. आणि खरं सांगायचं तर हे हमीपत्र नेहमी साहेबच लिहून घेतो असंही नाही. कधी ते सोयरिकीच्या बैठकीतच लिहून घेतलं जातं, तोंडी. "लग्नानंतर नोकरी करायची नाही, आमच्यात चालत नाही." आणि तिथे मान हलवणाऱ्यांत आपणही असतो, आई म्हणून, मावशी म्हणून, सासू म्हणून.

म्हणून पुढच्या बैठकीत, बचतीचा हिशेब झाला की, या तीन गोष्टींवर बोला.

एक. मुलीला किंवा सुनेला नोकरीचा, कर्जाचा, कसलाही कागद आला, तर तो गटात मोठ्याने वाचा. शेवटचं बारीक अक्षरातलं पान आधी वाचा. कळलं नाही तर शिक्षिका ताईंना, वकील ताईंना, आम्हाला विचारा. कागदाची एक प्रत स्वतःकडे ठेवा.

दोन. अन्याय झाला तर तारखेसकट लिहून ठेवा. मुथम्मांनी 1948 साली आपल्याला काय सांगितलं गेलं, ते 1979 साली न्यायालयासमोर मांडलं. लक्षात ठेवलं होतं म्हणून मांडता आलं. आपल्या इतिवृत्ताच्या वहीत त्यासाठी दोन ओळी नक्की मावतात.

तीन. घरात सोयरीक जुळवताना मुलीच्या नोकरीचा विषय निघाला, तर तीच अट मुलाला घातली असती का, एवढा एकच प्रश्न विचारा. कृष्ण अय्यर यांनी सरकारला विचारला तोच हा प्रश्न. विचारायला कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. बैठकीत चहा देता देता विचारला तरी चालतो.

मुथम्मांच्या आईने चार मुलं शिकवायची ठरवलं, तेव्हा तिला राजदूत माहीत नव्हता की सर्वोच्च न्यायालय माहीत नव्हतं, असं आम्हाला वाटतं. तिला एवढंच माहीत होतं की पोरींनी शिकायचं. आपणही तेवढं धरून ठेवू. बाकीचं पोरी बघून घेतील, आणि जिथे त्यांना एकटीला जड जाईल तिथे आपला गट आहेच.

या गोष्टीवर तुमच्या बैठकीत काय बोलणं झालं, ते आम्हाला जरूर कळवा. येतो आता. नमस्कार.